आपांनी बोली दिली तेव्हा

सीताफळ पिकलं की त्याचे डोळे उघडतात, असं आमच्या परभणीकडे म्हणतात. खवल्यांमधल्या रेघा रुंदावतात, पिवळट होतात, ते डोळे. सध्या दिलसुखनगरच्या आमच्या रस्त्यावर, कोचिंग क्लासांच्या पाट्यांखाली, सीताफळांच्या हातगाड्यांची रांग लागली आहे. मी रोज संध्याकाळी एखाद्या गाडीपाशी थांबते, फळ हळूच दाबून बघते आणि गाडीवाला रोज वैतागतो. "दबाओ नक्को अम्मा, दबाके दबाके सब नरम कर दे रे तुमे." मी त्याला सांगते, बाबा रे, या शहरात सीताफळं दाबण्याचा माझा हक्क तुझ्या वयापेक्षा जुना आहे. मग तो हसतो आणि पिशवीत एक जास्तीचं टाकतो.

घरी येऊन पहिलं फळ फोडलं की मात्र माझं बोलणं थांबतं. सूनबाईला वाटतं, आईंना साखर वाढण्याची भीती वाटत असेल. तसं काही नाही. त्या वासाबरोबर एक बैठकीची खोली येते, हिरव्या बनातीचं एक चौकोनी टेबल येतं आणि माझ्या छातीत अजूनही धस्स होतं. धक्के काळानं बोथट होतात म्हणे. ज्यांचे होतात ते सुखी. मला तो पोलीस ॲक्शनच्या वर्षीचा सीताफळांचा हंगाम आठवला की आजही तसंच होतं, जसं तेव्हा, मांडीवर तान्ही मुलगी घेऊन, त्या टेबलापाशी बसल्याबसल्या झालं होतं.

परवा नातीला कपाटात पत्त्यांचा जोड सापडला. "आज्जी, ब्रिज म्हंजे क्या? रमीसारखं?" मी कपाळाला हात लावला. रमीसारखं! अगं, रमी म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं ताट वाढून घ्यायचं. ब्रिजमध्ये चारजण, दोन-दोन भिडू, समोरासमोर बसलेले. सगळी पानं वाटायची आणि खेळायच्या आधी बोली द्यायची: अमुक हुकूम करीन आणि इतके हात करीन. माझी पानं मला दिसतात, भिडूची दिसत नाहीत. त्याच्या हातात काय आहे ते त्याच्या बोलीवरून ओळखायचं, आणि त्यावर विसंबून आपण आणखी वर जायचं. बोली ठरली की एक भिडू आपली पानं टेबलावर उघडी टाकून गप्प बसतो आणि दुसरा दोघांच्या वतीनं खेळतो.

"और भिडूनं खोटं सांगितलं तो?" नातीनं विचारलं. ही पोरगी मराठी अडखळत वाचते, पण नेमकं दुखरं बोट दाबते.

मी लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता, आणि झाला तेव्हा आम्ही त्यात नव्हतो, हैदराबाद संस्थान वेगळंच राहिलं होतं. नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात मी, हे आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी वकील, जन्मभर साक्षीदारांना उलटंसुलटं विचारून हैराण केलेला माणूस. हे सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून, आणि स्वभावानं इतके गरीब, की टांगेवाल्याशी बोलतानाही आधी खोकून घ्यायचे. गल्लीत समोरच आपांचं घर. आपा मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस. तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, सोबतीला ऐकू न येणारी एक म्हातारी मोलकरीण. एकुलते एक भाऊ पोलीसखात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांना आपा भाईजान म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो.

तेव्हा हैदराबादेत सुट्टी शुक्रवारची. दुपारची जेवणं झाली की आम्ही तिघं गल्ली ओलांडून आपांकडे जायचो. सासूबाई गेल्यावर टेबल मोडलं होतं. चौथा भिडू हवा म्हणून मला शिकवलं. माहेरी मला मेंढीकोट नि बदामसात यापलीकडे काही येत नव्हतं. मामंजी आणि हे एका बाजूला, आपा आणि मी दुसऱ्या. वर्गात आपा खानदानी उर्दू बोलत, टेबलावर मात्र अस्सल दखनी. मला त्या 'दुल्हन' म्हणायच्या. मुलगी झाल्यावरही दुल्हनच.

आपांचा एक हात मला नेहमी आठवतो. बदाम हुकूम होते आणि डाव एका किलवरच्या राणीवर अडला होता. ती राणी मामंजींकडे की यांच्याकडे, हे ओळखलं तर डाव पुरा, नाहीतर बुडाला. आपा पानं मिटून स्वस्थ बसल्या. हे कान खाजवू लागले, मामंजी छताकडे बघू लागले. मग आपांनी किलवरचा गुलाम असा काही खेळला, की यांच्या हातातली राणी तडफडत बाहेर आली. मामंजी चिडले. "तुम्हाला कसं कळलं, बाई?" आपा म्हणाल्या, "वकील साब, आपने सबसे पहले पास बोला था. बाद में चौकट का एक्का आपके पास से निकला, राजा निकला, इस्पिक का राजा भी निकला. ऊपर से ये राणी भी होती तो आप चुप बैठनेवाले थे?"

त्या दिवशी मला कळलं की या खेळात गप्प बसणंही ऐकू येतं. पुढं ते शहरातही ऐकू येऊ लागलं. ओळखीचे लोक रस्त्यात भेटून न बोलता पुढं जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप दिसायचं.

आणि आपांची खरी ख्याती बोलीची. हातात असेल तेवढंच बोलायचं, रतीभर जास्त नाही. एकदा मी हौसेनं चार इस्पिक बोलून बसले आणि डाव सपाटून बुडाला. मला वाटलं आपा हसण्यावारी नेतील. त्यांनी पानं खाली ठेवली. "जो नहीं है वो नहीं बोलना, दुल्हन. सामनेवाला तुम्हारे बोल पे अपना घर बाँधता." माझे कान लाल झाले. पुन्हा म्हणून मी रिकामी बोली दिली नाही. टेबलावर तरी नाही.

खेळाचा आणखी एक दंडक त्यांनी मला पहिल्याच दिवशी घालून दिला होता. भिडूला कधी विचारायचं नाही, तुझ्याकडे काय आहे. त्यानं बोली दिली की ती खरी धरायची. विचारणं हा नियमभंग, आणि त्याहून मोठा म्हणजे अपमान.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात शहरात एकच प्रश्न उरला: राहायचं की जायचं. पत्र्याच्या पेट्या रचलेले टांगे रोज नामपल्लीकडे जाताना दिसायचे. कुणी बेझवाड्याला, कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. खाकी कपड्यांतले, हातात भाले नि बंदुका घेतलेले रझाकार रस्त्यावरून कवायत करत जायचे, आणि खेड्यापाड्यांतून ज्या बातम्या यायच्या त्या मामंजी माझ्यापुढं अर्ध्यावर तोडायचे. माझ्या परभणीकडे तर इथल्यापेक्षा वाईट. मला दिवस गेलेले, पोट दिसू लागलेलं. सोलापूरची मावशी बोलावत होती. यांनी जायचं ठरवलं. पेटी भरली, बाळंतविड्याचे कपडेही त्यात ठेवले.

त्या शुक्रवारी मी आपांना सांगितलं. आपा पत्ते पिसत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"आप लोग कहीं नहीं जाएँगे," त्या म्हणाल्या. "भाईजान से मेरी बात हो गई. उन्होंने लफ्ज़ दिया है. इस गल्ली में कोई पाँव नहीं रखेगा."

आणि त्यांनी पानं वाटायला सुरुवात केली.

आता कुणाला हसू येईल, पण आम्ही त्या एका वाक्यावर राहिलो. घरी आल्यावर यांनी मला हळूच विचारलं, "भाईजान कधी भेटले त्यांना? नेमकं काय म्हणाले? तू विचारलंस का?" मी यांच्याकडे असं बघितलं, जणू यांनी टेबलाखालून माझी पानं बघितली होती. "असं विचारत नाहीत," मी म्हटलं, "आपा बोलल्यात." आणि गंमत म्हणजे मामंजी, ज्यांनी सख्ख्या भावाच्या जबानीवरही कधी विश्वास ठेवला नसता, तेही मान हलवून म्हणाले, "त्या बाई नसलेलं पान बोलत नाहीत." झालं. पेटीतले कपडे परत फळीवर गेले. दुसऱ्या कुठल्या घरानं चार ठिकाणी चौकशी केली असती, भाईजानांच्या घरी जाऊन पाय धरले असते. आम्ही ब्रिज खेळणारी माणसं. भिडूची बोली आली, आम्ही गप्प बसलो.

मग ते लोक आमच्या गल्लीत आलेच.

श्रावणातली भर दुपार. हे कचेरीत, मामंजी कोर्टात. मी ओसरीवर भाजी निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी खाकी कपडे दिसले, एकाच्या हातात बंदूक, बाकीच्यांच्या काठ्या. त्यांनी आमच्या दाराकडे बोट दाखवलं. मला उठून आत जाऊन कडी लावावी हेही सुचेना.  पोटातल्या पोरीनं तेवढ्यात लाथ मारली, ती मला अजून आठवते.

समोरचं दार उघडलं. आपा बुरख्याशिवाय बाहेर आल्या, हातात खुर्ची. ती त्यांनी गल्लीच्या मधोमध, आमच्या दारासमोर ठेवली आणि तीवर बसल्या. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बसत तशा.

"किसके घर जा रहे?" त्यांनी विचारलं. पुढचा पोरगा काहीतरी गुरगुरला. आपांनी चष्मा लावून त्याला न्याहाळलं. "तू तो मलकपेट का है ना? तेरी बहन मेरे पास आठवीं में है. हिसाब में कमज़ोर है. तेरी अम्मी को बोल, जुम्मे के बाद मिलने आओ बोले." तो चाचरला. मग दुसऱ्याकडे वळून, "और तू? कौन-से मदरसे में था तू? किसने सिखाया तेरे को, औरतों के घर के सामने बंदूक लेके खड़े होना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ती सगळी टोळी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांसारखी चुळबुळली आणि निघून गेली. आपा बराच वेळ खुर्चीवरच बसून राहिल्या. मला वाटलं, मला धीर यावा म्हणून बसल्या असतील. एक्के-राजे हातात असलेलं माणूस असंच स्वस्थ बसतं, असंही वाटलं. मी मनातल्या मनात भाईजानांना हात जोडले.

त्यानंतर मुलगी झाली. आपांनीच सुईण शोधून आणली. आणि मुलगी पाळण्यात असतानाच भादव्यात विमानं आली, शहरानं दारं लावून घेतली, रेडिओवर काहीबाही ऐकू आलं, आणि बघता बघता सगळं संपलं. सिकंदराबादच्या रस्त्यानं भारताच्या फौजेच्या गाड्या आल्या, लोकांनी त्यांच्यावर फुलं फेकली. मामंजी रडले. हे इतके हरखले की खोकायचेही विसरले. मी मुलीला खिडकीत धरून तिरंगा दाखवला, आणि खोटं का सांगू, मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

समोरचं दार मात्र बंद होतं.

भीतीनं गल्ली ओलांडली होती. काल ती आमच्या घरात राहायला होती, आज आपांच्या. बाहेरगावाहून उलट्या बातम्या येऊ लागल्या आणि त्या ऐकताना आता मामंजी माझ्यापुढं नाही, आपांपुढं अर्ध्यावर थांबायचे. शुक्रवार आला, आम्ही नेहमीसारखे गेलो. आपांनी दार उघडलं, पत्ते काढले, पण पिसताना त्यांच्या हातून जोड निसटून जमिनीवर पसरला. असं मी कधी बघितलं नव्हतं. पानं गोळा करताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बाजारात सीताफळं आली होती. एका उतरत्या दुपारी समोर टांगा थांबलेला दिसला आणि कळलं की भाईजान आलेत. मला फार आनंद झाला. आमच्या जिवाचा राखणदार इतक्या दिवसांनी दारात आला होता. मी सीताफळांची परडी घेतली, मुलीला खांद्याशी धरलं आणि गेले. आभार मानायचे होते, मुलीला त्यांच्या पायांवर घालायचं होतं.

भाईजान टेबलापाशी बसले होते. बरेच थकलेले, गणवेश नाही. नोकरीवरून दूर केल्याचं मला नंतर कळलं. मी परडी ठेवली, मुलीला घेऊन बसले आणि पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. भाईजान, तुम्ही लफ्ज़ दिलात, तुमच्यामुळे आम्ही वाचलो, ही पोर वाचली.

त्यांनी परडी बाजूला सारली.

"कौन-सा लफ्ज़?" त्यांनी विचारलं. मग आपांकडे वळले. "तूने तो कहा था ये लोग सोलापूर चले गए!" पुन्हा माझ्याकडे. "मैंने इसको दो बार आदमी भेजके कहलवाया था, पड़ोसियों को पहली गाड़ी से निकाल, मैं किसी का ज़िम्मा नहीं ले सकता. मेरे हाथ में कुछ नहीं रहा था. मेरे अपने सिपाही मेरी नहीं सुनते थे."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात तेव्हा नेमकं काय होतं, ते मला विचारा. जमीन जागेवरच असते. मागचे दिवस सरकतात. उन्हाळ्यापासूनचा एकेक दिवस मला उलटा दिसू लागला. गल्लीच्या तोंडाशी आलेली बंदूक दिसली, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेली एक एकटी बाई दिसली, जिच्या मागं कुणीच नव्हतं. ना भाऊ, ना पोलीस, ना शब्द. एक पान नव्हतं तिच्या हातात. त्या खुर्चीवर नंतर त्या एवढा वेळ का बसून राहिल्या, ते मला आत्ता उमगलं. त्यांना उठता येत नव्हतं.

 मी मुलीला इतकं घट्ट आवळलं की ती रडायला लागली.

"आपा," मी म्हटलं, "कुछ भी नहीं था?"

"कुछ भी नहीं था," आपा म्हणाल्या. त्या सीताफळांकडे बघत होत्या.

"फिर बोले कैकू?"

"तुम चले जाते तो मैं अकेली रह जाती, दुल्हन."

एवढंच. क्षमा मागितली नाही, रडल्या नाहीत. आणि मी? मला इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. नसलेलं बोलू नकोस म्हणून मला झापणारी ही बाई, आणि हिनं माझ्या पोटातल्या पोरीवर बोली लावली? एकटं राहायला नको म्हणून? मुलगी वाचली हे खरं, पण वाचली नसती तर? मला तिथून उठून जायचं होतं, पुन्हा कधी त्या घराची पायरी चढायची नव्हती. आणि त्याच वेळी मला ती गल्लीतली खुर्चीही विसरता येत नव्हती. बोली साफ खोटी होती. पण त्यानंतरचं एकेक पान आपा जिवाच्या कराराने खेळल्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, हे माझ्या डोक्यात मावेना. खरं सांगते, आजही मावत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी शेकडो वेळा तोंडावर फेकली असेल. मूठ झाकून धरणाऱ्याच्या बोटांना काय होत असेल, ते काही मी कधी मनात आणलं नव्हतं.

भाईजानांना या सगळ्याशी घेणंदेणं नव्हतं. ते आपांना न्यायला आले होते. मुंबईला, तिथून बोटीनं कराचीला. टांगा थांबवून ठेवला होता.

"सामान बाँध," ते म्हणाले. "यहाँ कौन है तेरा? स्कूल में कल तुझे रखेंगे या नहीं, तुझे नहीं मालूम. गल्ली में कौन कब आएगा, नहीं मालूम. एक आदमी बता, सिर्फ़ एक, जो तेरी ज़िम्मेदारी ले. मैं अभी टाँगा लौटा देता हूँ."

आपांनी मान वर केली. खिडकीतून गल्लीकडे बघितलं, आमच्या ओसरीकडे. माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या बनातीची एक सुरकुती हातानं सपाट करत राहिल्या. त्यांना जायचं नव्हतं. ते मला त्या सुरकुतीवरून कळलं, आणि हेही कळलं की त्या तोंडानं तसं म्हणणार नाहीत. माझ्या मनात रागाचा आगडोंब होता. आपा गेल्या तर गेल्या, असं म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती.

"आपा कहीं नहीं जाएँगे," कुणीतरी म्हटलं.

मीच म्हटलं होतं. मला माझा आवाज ऐकून दचकायला झालं.

"हमारे घरवालों की बात हो गई है," मी पुढं म्हणाले, आणि एकदा जीभ सुटल्यावर ती काही थांबेना. "फ़ौज के बड़े साहब से. उन्होंने लफ्ज़ दिया है. इस गल्ली में आपा को कोई हाथ नहीं लगाएगा."

यांची आणि फौजेच्या साहेबाची ओळख! टांगेवाल्यापुढं खोकणारे हे. मला वाटलं, भाईजान आता हसतील. पोलीसखात्यात आयुष्य गेलेला माणूस. ते हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "कौन-से साहब?"

ब्रिजमध्ये एक नियम आहे. एखाद्या बोलीचा अर्थ काय, हे विचारायचा हक्क विरुद्ध बाजूला असतो. पण उत्तर बोली देणाऱ्यानं द्यायचं नसतं. ते त्याच्या भिडूनं द्यायचं असतं.

मला एकही नाव सुचेना. मी आपांकडे बघितलं. मुलगी रडायची थांबली होती, टांग्याच्या घोड्याचे घुंगरू तेवढे वाजत होते. आपांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"सिकंदराबाद में बैठते वो साहब," त्या शांतपणे भावाला म्हणाल्या. "रेल का सारा इंतज़ाम उनके पास है. दुल्हन के घरवाले रोज़ मिलते उनसे. बहुत भले आदमी हैं. मेरे को मालूम था ये बात. तुमको बताने ही वाली थी."

 त्या साहेबांना आता डोळे-नाक फुटलं होतं, कचेरी मिळाली होती, स्वभावही मिळाला होता. आपांनी माझी रिकामी बोली ओळखली होती आणि ओळखूनच तिच्यावर आपलं घर बांधलं होतं, की त्यांना ती खरीच वाटली होती? त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. आपांच्या चेहऱ्यावरून काही कळलं असतं तर मामंजी इतके डाव हरले नसते. मला किंचाळून सांगावंसं वाटलं, आपा, नका हो राहू, माझ्याकडे काही नाही, विचारा मला एकदा. आपांनी विचारलं नाही. भाईजान उठले, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि टांग्यात बसून एकटेच गेले.

आपांनी एक सीताफळ उचललं, फोडलं आणि अर्धं माझ्यापुढं ठेवलं. मी ते खाल्लं की नाही, आठवत नाही. गल्ली ओलांडताना माझे पाय लटपटत होते एवढं आठवतं. श्रावणात आपांचे लटपटले असतील तसेच. रिकाम्या हातानं बोलताना भीती वाटत नाही. ती नंतर येते, समोरचा विश्वास ठेवून स्वस्थ बसला की.

हे नुकतेच सिकंदराबादहून आले होते. ओसरीच्या पायरीवर बसून बूट काढत होते.

"उद्यापासून तुम्हाला फौजेतल्या एका साहेबांशी ओळख काढावी लागेल," मी म्हटलं. "मोठ्या साहेबांशी. लवकर."

"कोण साहेब?"

"ते अजून ठरायचंय."

"अगं, पण मला कोण उभं करणार तिथं? आणि कशासाठी?"

"आपा राहतायत," मी म्हटलं. "तुमच्या शब्दावर."

यांनी एक बूट हातात धरून माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या दाराकडे बघितलं. आणि काढलेला बूट त्यांनी परत पायात घातला.